भूमचा चहा आणि पित्ताची गोळी

पुण्याहून निघालो तेव्हा पिशवीत चार गोळ्या उरल्या होत्या. घशाशी आंबट येण्याचं माझं दुखणं जुनं. डॉक्टरांनी दम भरला होता, "चौदा दिवस उपाशीपोटी गोळी, अर्ध्या तासानं खाणं. तरीही जळजळ राहिली तर घशातून दुर्बीण घालावी लागेल." त्या नळीच्या नुसत्या नावानं मला घाम फुटायचा. दहा दिवसांत जळजळ निम्मी झाली होती. आणि उरलेले चार दिवस पथ्य पाळायला मी निघालो कुठं, तर भूमला मामाकडं! अक्कल गहाण टाकली, दुसरं काय?

खर्डा सोडल्यावर दोन्ही बाजूंना उघडे माळ लागले. एसटीत मी गोळ्यांची पट्टी काय काढली, शेजारचे आजोबा लगेच वैद्य झाले. "गार दूध प्या की! कशाला गोळ्या?" मागच्या बाकावरून ओव्याची शिफारस आली. फुकटच्या सल्ल्याला एसटीत तिकीट लागत नाही.

भूमला सकाळी गोळी गिळतोय तोच मामी कप घेऊन हजर.

"मामी, अर्धा तास काही खायचं नाही."

"चहा म्हंजे काय खाणं हाय व्हय?"

या गावात चहा खाण्यात धरतच नाहीत. शेजारी दोन घरी गेलो, तिथंही तेच. तीन दिवस माझी गोळी चहातच पोहली.

बाजाराच्या दिवशी मामांनी मिरचीभजी खाल्ली, चंचीतून (पानसुपारीची कापडी पिशवी) पित्ताची गोळी काढली आणि चहाबरोबर गिळली. मी फिदीफिदी हसलो. "मामा, ही जेवणाआधी घ्यायची असते!"

"धा वरीस घेतोय. मला शिकवतो व्हय रं?"

संध्याकाळी शेंगोळे (हुलग्याच्या पिठाचे वळे, तिखट रश्श्यात शिजवलेले) होते. पथ्य बोंबललं, मी दोन वाट्या चापल्या. मामा मात्र दुधात भाकरी कुस्करून, घासागणिक पाणी पीत बसले होते.

"काय मामा, तिखटाला घाबरलात?"

"घास उतरंना त्येंचा," मामी हळूच म्हणाली. "दिवाळीपास्नं."

"पित्त हाय गं. गोळी डबल केलीया."

माझं हसू जागीच विरलं. सकाळी डॉक्टरांना फोन केला. घास अडकतो म्हणताच ते म्हणाले, "गोळ्यांवर वेळ काढू नका. त्यांना आजच घेऊन या. उद्या दुर्बिणीनं बघू."

माझ्या चौदा दिवसांच्या प्रयोगाचे तर बारा वाजलेच होते. चहात पोहलेल्या गोळीनं काय सिद्ध होणार, कपाळ? भूमला नावं ठेवत फिरलो, पण कप प्रत्येक वेळी मीच तोंडाला लावला होता. आणि दहा वर्षं गोळ्या खाणाऱ्या मामांना, का खाता, असं मी एकदाही विचारलं नव्हतं. लाज वाटली.

परतीच्या एसटीत मामा खिडकीशी बसले. खर्डा मागं पडला. मग माझा हात धरून म्हणाले, "लई तरास हुतो का रं त्या नळीचा? खरं सांग."

"माहीत नाही मामा. माझीही जळजळ राहिलीच आहे, उद्या तुमच्या आधी मीच नळी घालून घेणार आहे."

त्यांनी माझ्याकडं नीट बघितलं. "भ्या वाटतंय?"

"लई."

"मग म्या हाय बाहेर बसलेला," मामा म्हणाले.