आर्डिसचे अठरा पौंड

आमच्या लिंडाल गावात मेलेला माणूस खरा कसा होता, हे पाद्र्याच्या प्रवचनावरून कधीच कळलं नाही. तिथे सगळेच देवमाणूस. खरं कळायचं ते आर्डिस हॉव्हलँड फ्रीझरमधून किती मांस काढते त्यावरून. दफन झालं की चर्चच्या तळघरात जेवण, आणि एकेचाळीस वर्षं त्या जेवणातला बीफ रोस्ट आर्डिसचाच. फोन आला की ती डोळे मिटून माणसं मोजायची. गुरांचा डॉक्टर एमिल गेला तेव्हा तीस पौंड काढले. तो खडूस क्लॅरेन्स गेला तेव्हा नऊ, आणि त्यातलंही उरलं.

ती शाळेच्या स्वयंपाकघरात नोकरी केलेली बाई. हात सढळ, जीभ तिखट. तिचा नवरा ऑर्विल गेला त्या दिवशीसुद्धा पहाटे पाचला ती तळघरात विजेवर मंद शिजवणारे स्लो कुकर लावत होती. मी तिची शेजारीण, मी म्हटलं, "अगं, आज तरी बस."

"बसून काय करू, कॉरिन? तो काही उठून येणार नाही. मांस मात्र बाराला शिजलेलं हवं."

तिच्या रोस्टात गुपित असं काहीच नव्हतं. खांद्याचा जाड तुकडा, खाली कांदे, वर गाजरं, सूपची एक पुडी, पाणी नावापुरतं. झाकण ठेवायचं आणि हात बांधून बसायचं. झाकण उचललं की अर्धा तास वाया, हा तिचा कायदा. तो मोडणाऱ्या दोघीतिघींच्या बोटांवर तिने लाकडी डाव हाणलेला मला माहीत आहे, त्यात माझीही बोटं होती. सहा तासांनी काटा लावला की मांस आपणहून सुटायचं. त्याआधी त्याचा वास तळघरातून गरम हवेच्या जाळ्यांमधून वर चर्चमध्ये यायचा, बहुतेक दुसऱ्या स्तोत्राच्या सुमाराला. तो आला की पुढच्या बाकावरच्या रडणाऱ्या माणसांचे खांदे जरा सैल पडायचे. माझा नवरा गेला तेव्हा माझेही पडले होते. प्रवचनातलं एक अक्षर मला आठवत नाही.

मार्चमध्ये डॉक्टरांनी आर्डिसला सांगितलं की हृदय थकलंय, पुढचा हिवाळा काही निघायचा नाही. ती परस्पर खाटकाकडे गेली. दुसऱ्या दिवशी तिच्या फ्रीझरमध्ये पांढऱ्या कागदात बांधलेले सहा गठ्ठे दिसले. प्रत्येकावर तिच्या ठसठशीत अक्षरात लिहिलेलं: आर्डिस.

"किती आहे?" मी विचारलं.

"अठरा पौंड."

"अठरा? स्वतःला फारच समजतेस की."

"तू एकटीच तीन पौंड खाशील, म्हणून धरलेत." मग ती गंभीर झाली. "हे बघ, माझ्या वेळी दुकानातले हॅमचे गार काप वाढायचे नाहीत. तळघरात, आपल्या भांड्यांत, हाच रोस्ट. तू करायचास. बाकी काही मागणं नाही."

मी हो म्हटलं. हो म्हणायला काय लागतं?

पण मे महिन्यात चर्चच बंद करायचं ठरलं. रविवारी येणारी आम्ही सतरा माणसं, त्यात छप्पर गळायला लागलेलं. मतं पडली चौदा विरुद्ध तीन. तिघांत आर्डिस, मी आणि बहिरा हार्लन, ज्याने चुकून हात वर केला. शेवटची प्रार्थना ऑगस्टच्या शेवटच्या रविवारी. बाहेरगावी गेलेली जुनी माणसं येणार, पाऊणशे तरी. जेवणाचं काय, हे कुणाच्या डोक्यातच आलं नव्हतं.

आर्डिस म्हणाली, "माझे गठ्ठे काढ."

"आणि तुझ्या वेळी?"

"माझ्या वेळी तळघर कुठे असणार आहे? हे चर्च माझ्याआधी चाललंय. ज्याचं मढं आधी, त्याचं जेवण आधी."

मला त्या दिवशी तिचा राग आला होता. इतक्या सहज सोडून देते म्हणून. पण गठ्ठे काढताना तिचा हात प्रत्येक नावावर थोडा थांबत होता, ते मी पाहिलं.

आता माझी करणी सांगते. इमारत साफ करून द्यायची, म्हणून शनिवारी मी तळघराच्या भिंती घासल्या. कॉफीच्या विजेवरच्या मोठ्या भांड्याजवळ आर्डिसने चिकटवलेला एक तेलकट कागद होता: ‘रोस्ट चालू असताना कॉफी वरच्या मजल्यावर.’ वायरिंग जुनं. तळघरात कॉफीचं भांडंही लावलं की फ्यूज उडायचा. आम्हाला सगळ्यांना हे पाठ होतं, कागदाची गरजच नव्हती. मी तो काढून टाकला.

रविवारी पहाटे साडेपाचला आम्ही दोघींनी चार कुकर लावले. आर्डिस दर दुसऱ्या पायरीवर थांबत उतरली. या पायऱ्या आपल्याला आता परत जमायच्या नाहीत, असं म्हणून वर गेली ती वरच राहिली. सातच्या सुमाराला चर्चच्या मोठ्या ऑफिसातून आलेला एक भला माणूस मदत म्हणून तळघरात कॉफी करायला गेला. भांडं तापेना, तेव्हा ते बिघडलंय असं समजून त्याने ते वर आणलं. वर ते व्यवस्थित तापलं. त्याने कुणाला सांगितलं नाही, आणि सांगायचं तरी काय? दिवे वेगळ्या तारेवर, ते जळतच होते. साडेनऊला मी खाली डोकावले. चारही कुकरची बटणं मोठ्या आचेवर होती. झाकण मी उचललं नाही. भांड्याला हातसुद्धा लावला नाही. इतक्या वर्षांचा डाव बोटांना आठवत होता.

दुसरं स्तोत्र सुरू झालं. आर्डिसने माझं मनगट धरलं.

"वास येत नाहीये."

"गोळ्यांनी तुझं नाक गेलंय. गा गपचूप."

"कॉरिन, वास येत नाहीये."

मलाही येत नव्हता. पण मला सर्दी असते, आणि शेवटची प्रार्थना, सगळे बघताहेत, मधूनच उठून कसं जायचं? मी बसून राहिले. ती जाळीकडे बघत राहिली, स्तोत्र संपेपर्यंत आणि नंतरही.

बाराला काटा मांसात रुतला आणि तसाच उभा राहिला. आत लालभडक. गाजरंसुद्धा कचकचत होती. सकाळीच उडालेला फ्यूज मी वर केला, पण आता त्याचा काय उपयोग? आमच्याकडे कुणी कुणाच्या स्वयंपाकाला नावं ठेवत नाही. पाऊणशे माणसांनी ब्रेड घेतला, लोणच्याची काकडी घेतली, बटाट्याचं सॅलड घेतलं. एकदोघांनी कडेचा करडा तुकडा तोंडात घोळवला आणि म्हणाले, "आज जरा वेगळंच लागतंय." याहून वाईट शब्द आमच्या गावात नाही. एकच्या आत सगळे पांगले.

दोघा पुरुषांनी आर्डिसला खुर्चीसकट खाली आणलं. कुकर परत चालू होते. ती त्यांच्यासमोर बसून राहिली. मी म्हटलं, "चूक माझी. कागद मी काढला, आणि तू म्हणालीस तेव्हा उठलेही नाही."

"हो," ती म्हणाली. "तुझीच."

तीनला ऑफिसातला तो माणूस किल्ली घ्यायला आला. पायऱ्या उतरता उतरता थबकला आणि त्याने लांब श्वास घेतला. "वा! काय सुंदर वास येतोय!"

तेव्हा कुठे वास सुटायला लागला होता.

"येतोय ना?" आर्डिस म्हणाली. "मग झालं. लाव कुलूप." तिने झाकण शेवटपर्यंत उचललं नाही. ते मांस घरी नेऊन शिजवूया म्हटलं, तर नको म्हणाली. ते सगळं मी कुत्र्यांना घातलं.

ऑक्टोबरात ती गेली. तीस मैलांवरच्या गावात, स्वयंपाकघर नसलेल्या भाड्याच्या हॉलमध्ये प्रार्थना झाली. सतरा माणसं होती की सोळा, मी मोजली नाहीत. मागच्या टेबलावर प्लास्टिकच्या ताटात हॅमचे गार काप मांडून ठेवलेले होते. ते मला दिसत होते, तरी दुसऱ्या स्तोत्राला मी गायचं थांबवून वास घेत बसले.