मांगरातल्या चपला

वस्तू जमवणाऱ्या माणसांचं कौतुक माझ्यासमोर कुणी करू नये. छंद माणसाला समृद्ध करतो वगैरे ऐकलं की माझं टाळकं सरकतं. आमच्या देवबागच्या घरामागे मांगर होता, म्हणजे जाळी-वल्ही ठेवायची कौलारू खोप. त्या मांगरात माझ्या बाबांनी तीस वर्षं चपला जमवल्या. समुद्राने बाहेर टाकलेल्या, रबरी, एकेकट्या. जोडी एकही नाही.

सुरुवात झाली ती काकाची होडी संगमावर उलटली तेव्हा. खाडी जिथे समुद्राला मिळते तिथे. होडीत तिघे होते. दोघे पोहत आले, काका आला नाही. तो बाबांचा धाकटा भाऊ, लग्नाला दोन वर्षंही झाली नव्हती. त्याचं प्रेत कुठेच लागलं नाही. बाबांनी घरात सगळ्यांना बजावलं, "माणूस गावलो नाय, म्हणजे माणूस आसा." काकीच्या गळ्यातली काळी पोत तशीच राहिली, कपाळाचं कुंकूही.

मग बाबा भाऊ शोधायला लागले. रापण, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचं मोठं जाळं, ओढताना ज्याने दोरीला हात लावला त्याला मासळीत वाटा मिळतो, ही आमच्याकडची रीत. जाळ्यात आलेल्या कचऱ्यात वाटा कुणी मागत नाही. बाबा मागायचे. चप्पल दिसली की मासळी सोडून तिकडे धावायचे. तारकर्लीला चालत जायचे, तरीतून खाडीपार भोगव्याला जायचे, निवतीपर्यंतही जायचे. घरी आणून चप्पल धुवायची, वाळवायची आणि तळव्यावर तापल्या खिळ्याने, ती जिथे सापडली त्या गावाचं नाव डागायचं. आमच्याकडे जाळ्याच्या बुचांवर घरची खूण अशीच डागतात, कुणाचं बूच कुणाचं यावरून भांडणं नकोत म्हणून. आमची खूण म्हणजे एक गोल आणि खाली दोन रेघा. काका तर ती स्वतःच्या चपलांवरही डागायचा. जत्रेत दशावतार बघताना त्याच्या दोन जोड्या बदलून गेल्या होत्या, तेव्हापासून.

गोणी भरली की बाबा तिचं तोंड शिवायचे आणि दुसरी सुरू करायचे. गावाला चेष्टेला विषय मिळाला. "काय रे, जमली काय जोडी?" शाळेत मला चपलेवाल्याचं चेडू, म्हणजे चपलेवाल्याची पोर, म्हणायचे. मी दोघींची डोकी एकमेकींवर आपटली होती आणि त्याचं मला आजही वाईट वाटत नाही. पुढे माझ्या भावाने घरात पर्यटकांसाठी खोल्या काढल्या, तेव्हा पुण्याच्या एक बाई मांगर बघून म्हणाल्या, "अय्या, किती वेगळं! याचं काहीतरी करायला हवं." मी त्यांना सांगितलं, करा, न्या सगळं. त्यांनी फोटो काढले आणि कोळंबीचं कालवण जेवायला गेल्या.

मागच्या वर्षी बाबा गेले. भावाला मांगर पाडून आणखी दोन खोल्या बांधायच्या होत्या. त्याने मला बांद्याहून बोलावून घेतलं. कारण स्पष्ट होतं, बाबांच्या वस्तू फेकायचं पाप बहिणीच्या माथी. "ह्या सगळा आदी गाडयेत घाल, सीझन तोंडार इलो," एवढं सांगून तो मोटारसायकलला किक मारून मालवणला गेला. पंचायतीची कचऱ्याची गाडी दारात उभी होती. मी पदर खोचला.

गोण्या बाहेर ओढताना मी बाबांना मनसोक्त बोलून घेतलं. मेलेल्या माणसाला बोलू नये म्हणतात, पण जिवंतपणी त्यांनी कधी ऐकलं होतं? रबर चिकट झालेलं, उंदरांनी पट्टे खाल्लेले. तीस वर्षं सांभाळलेला खजिना! सगळ्यात आतली, भिंतीला टेकलेली गोणी म्हणजे पहिली. ती उचलताच बुडाशी फाटली आणि माल माझ्या पायावर आला. शिव्या देत मी एकेक गाडीत भिरकावत होते. हातात एक उजव्या पायाची आली. पट्टा जाळ्याच्या हिरव्या सुताने शिवलेला. तळव्यावर बाबांच्या अक्षरात "भोगवे". आणि टाचेपाशी, जुना, झिजलेला, एक गोल आणि खाली दोन रेघा.

ती मी गाडीत टाकली नाही.

ही चप्पल बाबांच्या हातात आली होती. त्यांनी ती धुतली, वाळवली, तिच्यावर गाव डागलं. खूण त्यांना दिसली नसेल? स्वतःच्या घरची? पहिल्याच गोणीत, म्हणजे काका गेल्यावर वर्षाच्या आत. हवं ते हाती लागलं होतं आणि त्यानंतरही हा माणूस तीस वर्षं किनारे धुंडाळत राहिला. का? एक चप्पल दडवायची तर वर ढीग लागतो, म्हणून.

आणि मग मला रेडीचा मामा आठवला. काकीचा भाऊ. काका गेल्यावर दोनेक वर्षांनी तो आला होता. रेडीतला एक बायको वारलेला मास्तर विचारत होता, माणूस बरा होता. मी दाराआड उभी राहून सगळं ऐकलं होतं. काकी मान खाली घालून सुपात तांदूळ निवडत होती, पण नाही म्हणाली नव्हती. बाबा म्हणाले, "नक्की काय ता कळाक होया. आज तुमी हिचा लगीन लावलात आणि उद्या तो दारात येवन उभो रवलो तर?" मामा परत गेला. तेव्हा ही चप्पल मांगरात शिवलेल्या गोणीत पडून होती.

लोक म्हणतील, भावाचं मरण त्यांना सोसलं नाही. नसेल सोसलं. पण आमची आई दम्याने आडवी होती, हेही सांगा. चूल काकी पेटवायची. मासळीची पाटी डोक्यावर घेऊन काकी हिंडायची. माझ्या वेण्या घालणारी, डबा भरणारी, मला कॉलेजात पाठवा म्हणून बाबांशी वाद घालणारी काकीच. ती रेडीला गेली असती तर या घराचं काय झालं असतं, हे बाबांना पक्कं ठाऊक होतं. एका बाईचा जन्म असा परस्पर गोणीत शिवून ठेवायचा अधिकार त्यांना कुणी दिला? मला त्यांचा भयंकर राग आला. आणि त्याहून जास्त राग याचा आला की तिच्या हातचं खाऊन मी मोठी झाले, नोकरीला लागले, आणि तिने काय सोडलं हे एकदाही विचारलं नाही.

झाकून ठेवण्याएवढा शहाणपणा माझ्यात नाही. तशीच तरातरा गेले. काकी मागच्या पडवीत कोकमं वाळत घालत होती. मी चप्पल तिच्यासमोर पालथी ठेवली आणि सगळं एका दमात ओकले. गोणी, भोगवे, मास्तर, बाबा, सगळं.

तिने हात लुगड्याला पुसले. चप्पल उचलली. खुणेवरून अंगठा फिरवला, हिरव्या सुताच्या टाक्यावरून फिरवला. मग माझ्याकडे बघून म्हणाली,

"हिची डावी खंय?"

"काकी, अगो ही काकाचीच. खूण बघ."

"दिसता माका. डोळे आसत माका. डावी खंय ता सांग."

"डावी कशाला हवी आता?"

"एका चपलेन माणूस मरता काय गो?" ती म्हणाली आणि चप्पल दाराशी, उजव्या बाजूला, नीट नेऊन ठेवली. शेजारी एका चपलेची जागा सोडली.

मी ओरडले. खूप ओरडले. तुला फसवलं, तुझं वय गेलं, तू अजून त्यांचीच री ओढतेस? ती कोकमं उलटत राहिली. कचऱ्याची गाडी गेली तीही तिने पाहिली नाही.

दुसऱ्या दिवशी मला जाग आली तेव्हा काकी घरात नव्हती. थोड्या वेळाने किनाऱ्याकडून आली, पाय वाळूने भरलेले, साठीची बाई, धापा टाकत. हातात दोन चपला होत्या. दोन्ही डाव्या. विहिरीवर तिने त्या घासून धुतल्या, उन्हात ठेवल्या आणि आंघोळीचं पाणी तापत होतं त्या चुलीपाशी मी बसले होते तिथे आली. बाबांचा खिळा तिने माझ्यापुढे धरला.

"माका लिवक येना नाय," ती म्हणाली. "देवबाग लिव."

मला शिकवायला बाबांशी भांडलेली ही बाई. माझ्या डोळ्यांत रागाने पाणी आलं होतं. मी खिळा विस्तवात घातला.