लिंबाजीचे खांब

सिद्रामप्पांच्या आडतीचा मुआयना करायला मी माळ्यावर चढलो आणि माझा उजवा पाय खाली दुकानात उतरला. बाकीचा मी वरच राहिलो. तरट अंथरलेलं होतं, मी त्यावर पाय दिला. तरट गेलं, मांडीपर्यंत पाय गेला आणि नवा बूट त्याच्याही पुढं, ज्वारीच्या ढिगात.

"मुन्शीजी, पाय वर घ्या, गिऱ्हाईक भ्यायलंय!" खालून सिद्रामप्पा ओरडले.

मी नुकताच मिडल पास होऊन तहसिलीत लागलेलो. लोंबकळत्या अवस्थेतच तपासणीच्या कागदावर लिहिलं: 'माळा कुजका. इमारत धोक्याची. बंद करावी.' निजामी अमलातलं फसली १३५३ साल, सोनपेठेतली सगळ्यात जुनी आडत, अठ्ठावीस सागवानी खांब. निकाल एका पायानं लागला.

मला वर ओढलं ते लिंबाजी मापाड्यानं. चाळीस वर्षं पायलीनं ज्वारी मोजलेला म्हातारा, दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू.

"ते भगदाड न्हाई. तिथून आमी ज्वारी खाली सोडताव."

"मग झाकण?"

"तुमच्यासारखा पाव्हणा येईल हे कुणाला म्हाईत?"

काय लिहिलं ते त्यानं वाचायला लावलं. मग म्हणाला, "ही बंद झाली तर मला दुसऱ्या आडतीत जावं लागंल. तिथं मी आंधळा. हितं न्हाई. खाली चला अन् फरशीला कान लावून निजा."

सरकारी माणसाला असा हुकूम आजवर कुणी दिला नव्हता. मी निजलो.

लिंबाजी एकेका खांबावर पायली ठोकत मोजू लागला. मापाड्यांत एकला 'लाभ' म्हणतात. "लाभ... दोन... तीन..." प्रत्येक खांब ठोका ऐकायचा, जरा थांबायचा आणि परत द्यायचा. माळ्याच्या तोंडातून उन्हाची एक धार उतरत होती, तिच्यात ज्वारीचा भुसा तरंगत होता. फरशी गार. मला वाटलं, इथं आजवर मोजलेली सगळी ज्वारी वरून पुन्हा सांडायलीय, आवाज न करता, आणि मी तिच्यात हळूहळू बुडायलोय. किती वेळ गेला कोण जाणे.

"सात."

ठोका गेला, तो परत आलाच नाही. मी उठून बसलो.

"ह्याला वाळवी हाय," लिंबाजी म्हणाला. "लपवनार न्हाई. बाकीचे तुमच्या नातवाचं लगीन बघतील."

मी चाकू काढला. सातव्यात मुठीपर्यंत गेला. उरलेल्या सत्तावीस खांबांवर नुसता ओरखडा उठला. मग आधीचं खोडून लिहिलं: 'सातवा खांब बदलावा. बाकी मजबूत. माळ्याच्या तोंडाला झाकण करावं, मुन्शी पडतात.'

बूट काही सापडला नाही. लिंबाजीनं स्वतःच्या वहाणा काढून दिल्या. "न्या. हितं मला पायांनीच दिसतंय."

"सोमवारी आणून देतो, मामा."

नवा खांब बसून वर्ष झालं. लिंबाजी रोज त्याला एक ठोका देतो आणि कान लावतो म्हणे. अजून खांब तो परत द्यायला शिकलेला नाही.

वहाणा माझ्या दाराशीच आहेत. त्यालाही वर्ष झालं.