नांगर, वखर आणि 'एक जाणकार'

किसनरावांना साठ वर्षे पूर्ण होत आहेत, त्यानिमित्ताच्या या ग्रंथात लेखकांनी गुणवर्णनच करावे, अशी संपादक मंडळाची सूचना आहे. ती शिरसावंद्य. परंतु आरंभी माझी एक तक्रार नोंदवून घ्यावी. अकोला जिल्ह्यातल्या आमच्या मालेगावच्या बसस्थानकामागे किसनरावांचे इंजिनदुरुस्तीचे टिनाचे दुकान आहे. तेथे पाहुण्यासाठी आसन एकच, पालथे घातलेले लाकडी खोके. त्या आसनाच्या ईशान्य दिशेस एक खिळा वर आलेला आहे. त्याने आजवर माझी तीन धोतरे फाडली. साऱ्या तालुक्याची ऑइल इंजिने नीट करणाऱ्या हातांना हा एक खिळा ठोकता येत नाही! विचारले तर म्हणतात, "मुद्दाम ठेवला, गुरुजी. नाही त तुमी उठतच नाही."

त्या खोक्यावर मी प्रथम बसलो ते बहात्तरच्या दुष्काळात. शाळेत संस्कृत शिकवून उरलेल्या वेळात मी अकोल्याच्या एका साप्ताहिकाचा वार्ताहर होतो. आटलेल्या विहिरींच्या बातम्या पाठवून पाठवून दमलो होतो. शेवटी संपादकांचे कार्ड आले, "वाचक कंटाळले. काही ओले पाठवा." त्याच सुमारास कळले, की मुंबईला समुद्रात शर्यती खेळणाऱ्या मोटारबोटींची इंजिने वीस वर्षे उघडून बसवणारा एक मिस्त्री गावी परतला आहे. यापेक्षा ओले काय असणार?

दुकानात भगवान बुद्धांची तसबीर होती आणि शेजारी दोन परदेशी कंपन्यांच्या बोटींची रंगीत चित्रे. एक इटलीची, एक अमेरिकेची. त्यांच्या मुंबईच्या कारखान्यातली माणसे त्यांना तांबडी आणि पांढरी म्हणत. मी वही काढून विचारले, "दोघींत श्रेष्ठ कोणती?"

"कोनासाठी?" किसनरावांनी हातातला पाना खाली न ठेवता विचारले.

"म्हणजे, वेगाने पळणारी."

"पाणी कसं हाये?"

प्रश्नाला प्रश्न ही शास्त्रार्थाची रीत मला ठाऊक होती, पण ती मी नेहमी दुसऱ्यांवर वापरत असे. किसनरावांनी मग बाहेर उभ्या बैलगाडीकडे बोट दाखवले. तीत नांगर आणि वखर दोन्ही होते. "पांढरीचं बूड चपटं. वखरावानी. पाणी निपचित असलं त वरच्यावर सरकते, कोनाले आयकत नाही. पन लाट आली का आपटते, बसनाऱ्याची कंबर मोडते. तांबडीचं बूड नांगराच्या फाळावानी. लाट चिरत जाते. पन पेट्रोल भाय पेते, आन उभी असली का डुलते. आता सांगा, नांगर चांगला का वखर?"

कंपन्यांच्या पुस्तकांत तर दोघीही जगात पहिल्या होत्या. त्यावर ते म्हणाले, "कंपनीचा कागद येग सांगते, गुरुजी. खरं कंबर सांगते." त्यांच्या कारखान्यात दोन बोटी ताडून पाहायच्या तर एकाच दिवशी, एकाच पाण्यात, सारखे वजन भरून पाहत, आणि मध्येच चालवणारे अदलाबदल करीत. हीच रीत त्यांनी आमच्याकडे इंजिनांना लावली. शेलूबाजारचा एक एजंट पेढ्यांचा पुडा घेऊन आला आणि म्हणाला, "मिस्त्री, फक्त आमचं इंजिन बरं म्हना." किसनरावांनी पुडा उघडून दुकानात होते त्या सर्वांना पेढे वाटले आणि म्हणाले, "पेढा बरा हाये. इंजिन आना, एका विहिरीवर दोन्ही लावून पाहू." एजंट पुन्हा दिसला नाही.

लेख छापून आला. नाव होते 'सागररथद्वयविवेचन'. नाव सोडून त्यात माझे काही नव्हते. नांगर त्यांचा, वखर त्यांचा, कंबरही त्यांचीच. अकोल्याहून पत्रे आली, "कृषिजीवनातून घेतलेली उपमा अपूर्व!" मी सर्वांचे आभार मानले. लेखात किसनरावांचा उल्लेख एका ठिकाणी आहे: 'एका जाणकाराने सांगितले'.

लगेच वाचनालयाने याच विषयावर माझे व्याख्यान ठेवले. प्यायच्या पाण्याच्या रांगेत घागरी ठेवून माणसे समुद्राविषयी ऐकायला आली. किसनराव सर्वांत मागे, दाराशी उभे होते. मी रंगात आलो होतो. तेवढ्यात कापडवाले जैन शेठजी उठले. "गुरुजी, लाटेवरून बोट हवेत उडाली त इंजिनाचं काय होते?"

हे मी वहीत लिहिलेच नव्हते. मी उगाच वहीची पाने चाळू लागलो. पुढच्या रांगेत मुख्याध्यापक बसले होते. तोच दारातून आवाज आला, "गुरुजी, ते तुमी मले त्या दिवशी सांगून राह्यले होते ना? बोट उडाली का पंखा हवेत मोकळा फिरते, इंजिन फाटाले पाह्यते, म्हून तवा पेट्रोलवरचा हात ढिला कराचा, आन पाणी लागलं का पुन्हा द्याचा. तेच ना?"

"तेच," मी म्हणालो.

टाळ्या झाल्या. त्या मी घेतल्या. "हे मला यांनीच शिकवले," एवढे एक वाक्य तोंडाशी आले होते. ते मी गिळले.

परतताना किसनराव माझ्यासोबत चालत होते. म्हणाले, "भाषण झकास झालं. फक्त लाट समोरून नाही घेत, जराशी तिरपी घेतेत. पुढच्या टायमाले सांगजा." दुसऱ्या दिवशी पाहतो तो माझ्या लेखाचे कात्रण त्यांनी त्या दोन बोटींच्या चित्रांच्या मधोमध खळीने चिकटवले होते. ते आजही तेथे आहे. खोक्यावर बसले की नेमके समोर येते.

आता जे सात वर्षे लिहिले नाही ते लिहितो. लेखाच्या पहिल्या खर्ड्यात 'श्री. किसन सोनाजी तायडे' असे पूर्ण नाव होते. आडनावापाशी माझी लेखणी अडली. संस्कृतच्या शिक्षकाला विद्या तायड्यांकडून मिळाली, हे छापून आले तर शिक्षकांच्या खोलीत काय बोलतील, एवढाच विचार मी केला. आणि नाव खोडून 'एक जाणकार' लिहिले. ज्यांनी यंत्रालादेखील सारखे वजन आणि सारखे पाणी दिल्यावाचून उणे ठरवले नाही, त्यांना मी तोलण्याआधीच पारड्यातून उतरवले. तो जाणकार म्हणजे किसनरावच, हे या ग्रंथाच्या वाचकांनी कृपया नोंदवून ठेवावे.

किसनरावांना निरोगी, भरपूर आयुष्य लाभो. त्यांचा पाना चालता राहो, कंबर ताठ राहो, आणि तो खिळाही त्यांनी ठोकू नये. मला आता त्याची सवय झाली आहे.

लेखातून आपले नाव का गाळले, हे त्यांनी मला एकदाही विचारले नाही. हा त्यांचा मोठेपणा, असे मी इतके दिवस धरून चाललो. खरी भीती वेगळी आहे. ती ही, की आपले नाव तेथे छापले जाईल, असे त्यांना कधी वाटलेच नसावे.