बोललं तसं टाईप केलं

देवधर साहेबांनी मला फसवलं. प्रशासन अधिकाऱ्याची जागा देतो असं कबूल करून माझ्याकडून तीन वर्षं ते काम करून घेतलं, आणि जागा सुहासला दिली. एवढ्यावर थांबले नाहीत. मला ती का द्यायची नाही, हेही माझ्याच हाताने उतरवून घेतलं.

आमची कंपनी अंधेरीच्या औद्योगिक वसाहतीत. पंपाचे सुटे भाग बनतात. देवधर मॅनेजर, मी त्यांची स्टेनो. त्या दिवशी शेठच्या केबिनमध्ये मिटिंग होती. विषय एकच, अधिकारी कोणाला करायचं. अर्ज दोन. एक माझा, एक सुहासचा. उमेदवार म्हणून मी बाहेर असायला हवं होतं. पण कंपनीत शॉर्टहँड येणारी मी एकटीच. बेल वाजली. सवयीने वही-पेन्सिल उचलली आणि आत जाऊन बसले.

कोणालाच वावगं वाटलं नाही. खरं सांगायचं तर पहिली दोन मिनिटं मलाही वाटलं नाही.

शेठ म्हणाले, "देवधर, बाईमाणसाला ऑफिसर केलं तर वर्कर लोक ऐकणार काय?"

"नाही ना ऐकणार," देवधर म्हणाले. "आणि शेठ, आज ना उद्या हिचं लग्न होणार. मग बाळंतपण. परत आपण शोधत बसायचं. सुहास पुरुषमाणूस आहे. त्याला घर चालवायचंय."

"पण काम तर हीच करते ना?"

"करते की. पुढेही करेल. कुठे जातेय?"

दोघं हसले. मी त्यांच्यापासून दोन हातांवर होते. हात लिहीत होता. शॉर्टहँड आवाजावर चालतं. इंग्रजी असो, मराठी असो, कानावर पडलं की कागदावर उतरतं. शेवटी देवधर माझ्याकडे वळले. "अगं, हे सगळं नको हं घालूस. नीट करून टाक. अनुभव कमी पडला वगैरे."

अनुभव कमी पडला. सुहासला फाईल लावायला मी शिकवलं होतं.

आणि घर चालवायचंय म्हणे. सुहासचे वडील बँकेत, पार्ल्यात स्वतःचा ब्लॉक. माझ्या वडिलांची गिरणी संपात बंद पडली ती उघडलीच नाही. जोगेश्वरीच्या एका खोलीत आम्ही पाच माणसं. आई बाजारात सुकी मासळी घेऊन बसते. बाकी सगळं माझ्या पगारावर.

मी काही आयतं मिळवलेलं नाही. टायपिंग शिकायला फी नव्हती, तर इन्स्टिट्यूटच्या मालकाशी सौदा केला. रोज सकाळी सगळी मशिनं पुसून देते, रिबनी बदलते, मला तासभर शिकू द्या. तो नाही म्हणाला. तीन दिवस त्याच्या दारात उभी राहिले. चौथ्या दिवशी त्याने फडकं हातात दिलं. भाव करायला मला कधी लाज वाटली नाही.

तरी देवधरांनी मला गुंडाळलं. तीन वर्षांपूर्वी वाकोल्याच्या एका कंपनीत मला सेक्रेटरीची जागा मिळत होती. देवधर म्हणाले, "जाऊ नकोस. इथे अधिकाऱ्याची जागा निघणार आहे, ती तुझी. तोवर काम सांभाळ." मी म्हटलं, कागदावर द्या. त्यांचा चेहरा पडला. "माझ्या शब्दावर विश्वास नाही?" आणि मी, भाजीवाल्याला दोनदा वजन करायला लावणारी, विरघळले. हजेरी, रजा, फॅक्टरी इन्स्पेक्टरचे कागद, कॅन्टीनची भांडणं, सगळं अंगावर घेतलं. हुद्दा तोच. स्टेनो. दोन वर्षांपूर्वी आलेला सुहास सगळ्यांचा 'सुहासराव'. मी 'अगं'.

मिटिंग झाली त्या संध्याकाळी आईला सांगितलं. ती बोंबील निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "तोंडी सौदो केलंस? एवढी शिकलंस ती कित्याक? पैसे हातात पडल्याशिवाय मी बोंबलाचो वाटो देणंय नाय. तू तीन वर्सां देवन बसलंस."

मला राग आला. तिचा नाही. ती बरोबर होती म्हणून.

दुसऱ्या दिवशी मशीनवर बसले. मिनिट्स करायचे होते. आमच्याकडे मिनिट्स म्हणजे काय, ते सांगते. साहेब लोक वाट्टेल ते बोलतात आणि स्टेनो ते धुऊन काढते. शिवी असेल तिथे 'नाराजी व्यक्त केली'. धमकी असेल तिथे 'समज देण्यात आली'. हे कोणी शिकवत नाही, हाताला आपोआप येतं. मी सहा वर्षं केलं. चांगलं करत होते. साहेब कौतुक करायचे.

कागद लावला आणि शेवंता आठवली. पॅकिंगमध्ये होती. सातवा महिना लागल्यावर देवधरांनी तिला काढलं. राजीनामा मी टाईप केला होता. 'घरगुती अडचणींमुळे, स्वखुशीने.' तिला वाचता येत नव्हतं. तिने विचारलं, "ताई, काय लिवलंय यात?" मी म्हटलं, "काही नाही गं, सही कर." तिने अंगठा उठवला.

तेव्हा माझा हात थांबला नव्हता. माझ्यावर आली तेव्हा थांबला. हे लिहायला मला लाज वाटते, म्हणून लिहितेय.

मग टाईप केलं. बोललं तसं. इंग्रजी मशीनवर, इंग्रजी अक्षरांत, पण मराठी वाक्यं जशीच्या तशी. बाळंतपण, पुरुषमाणूस, कुठे जातेय, सगळं. कोण बोललं त्याचं नाव समोर. 'नीट करून टाक' हेसुद्धा. कार्बन घालून चार प्रती काढल्या.

शेठ सह्या करताना वाचत नाहीत. मी ठेवलेला कागद तर कधीच नाही. त्या दिवशीही चारही प्रतींवर केल्या. मी काही लपवलं नाही. कागद त्यांच्या डोळ्यांसमोर होता.

देवधर मात्र वाचतात. दुपारी त्यांनी मला आत बोलावलं. कागद माझ्यापुढे धरला.

"हे काय आहे?"

"मिनिट्स."

"वेड लागलंय का तुला? शेठनी सही केली यावर?"

"केली."

"परत टाईप कर. आत्ता."

"नाही करणार."

त्यांनी आपली प्रत फाडली. मी म्हटलं, "फाडा. तुमच्यासाठी दुसरी आहे." मग त्यांचा आवाज मऊ झाला. सीनियर सेक्रेटरी करतो. वेगळं टेबल. पुढच्या वर्षी पगाराचंही बघू. "तू समजूतदार आहेस गं."

आयुष्यात पहिल्यांदा समोरून भाव आला होता. मी म्हटलं, "हे विकायला नाही आणलेलं." बाहेर आले.

आज आठ महिने झाले. सुहासला केबिन मिळाली. मला स्टोअरमध्ये नटबोल्टांचा साठा लिहायच्या कार्डांवर बसवलंय. शेजारी पत्र्याची भिंत, दिवसभर मशिनशॉपचा आवाज. डबा खाताना कोणी जवळ बसत नाही. मी कंटाळून जाईन म्हणून वाट बघतायत. जाणार नाही. माझ्या नावाने 'स्वखुशीने' हा शब्द कोणालाही लिहू देणार नाही. मला काढायचं असेल तर कंपनीने खरं कारण लिहावं, आणि खाली स्वतःचं नाव घालावं.

देवधर साहेब, तुमची दुसरी प्रत अजून तुमच्या सहीविना माझ्याकडे पडली आहे. सही करा. नाहीतर त्यातलं कोणतं वाक्य तुम्ही बोलला नाहीत, त्यावर बोट ठेवा. शेठसमोर ठेवा, सुहाससमोर ठेवा. मी समोर बसले होते तेव्हा तुम्हाला बोलताना अडखळायला झालं नाही. मी आताही तुमच्या समोरच आहे. उत्तर द्या.