दुसऱ्यांदा विचारायचं असतं

माझी लेक फिडल वाजवते. वाद्य व्हायोलिनच, पण तिच्या लोकसंगीतवाल्यांसमोर व्हायोलिन म्हटलं की ती मला डोळ्यांनी गप्प करते. इथे परदेशात, पॉइंट कुकमधल्या आमच्या रस्त्यावरची बाकीची मुलं कोडिंग नाहीतर भरतनाट्यम शिकतात. हिने शाळेतल्या म्युझिक टीचरच्या नादाने स्कॉटिश लोकसंगीत धरलं. मी सुरुवातीला कपाळाला हात लावला होता, मग गाडीची किल्ली हातात घेतली. गेली चार वर्षं महिन्यातल्या एका रविवारी मी तिला दीड तासावरच्या एका गावात घेऊन जाते.

फार पूर्वी स्कॉटलंडहून आलेल्या मेंढपाळांनी वसवलेलं ते गाव. एक बेकरी, एक पब, काळ्या दगडाचं चर्च आणि चर्चच्या मागे पत्र्याच्या छपराचा हॉल, एवढाच पसारा. हॉलमध्ये दर महिन्याला सगळ्यांनी मिळून वाजवायचं सेशन होतं. वसंतात, म्हणजे इथल्या ऑक्टोबरात, दोन दिवसांचा फेस्टिव्हल असतो. तेव्हा फूटबॉलच्या मैदानावर तंबू लागतात, संध्याकाळी तिकिटाच्या मैफली होतात आणि दुपारी हॉलमध्ये गाण्याचा गोल बसतो.

गोल म्हणजे खरोखरच खुर्च्यांचा गोल. ज्याची पाळी येईल त्याने गायचं, मग शेजारच्याची पाळी. गोल चालवतात त्या बाई ऐंशीच्या घरातल्या, लहानपणी बोटीने इथे आलेल्या, पण बोलीत अजून स्कॉटलंड तसंच. सुरू करताना त्या दरवेळी एकच नियम सांगतात: गा, वाजवा, नाहीतर पास म्हणा, इथे कुणाला भरीला घालणार नाही. कुणी लाजरंबुजरं असेल तर त्याला अवघडल्यासारखं होऊ नये, म्हणून हा नियम. मला तो फार आवडायचा. आग्रहाच्या देशातून आलेल्या माणसाला सुरुवातीला हा मोकळेपणा सुखाचा वाटतो.

अर्थात त्याचे चटकेही मी खाल्ले होते. इथे आल्यावर पहिल्याच महिन्यात ऑफिसमधल्या एकीने घरी बोलावलं, केक पुढे केला. मी चांगल्या घरच्या मुलीसारखी "नको नको" म्हटलं. तिने बशी उचलून आत नेली. ती पुन्हा बाहेर येईल म्हणून मी तासभर स्वयंपाकघराच्या दाराकडे बघत बसले होते. भुकेल्या पोटी घरी आले तेव्हा नवरा पोट धरून हसला. म्हणजे मला हे ठाऊक होतं. इथे "नको" म्हणजे "नको", हे मला चांगलं ठाऊक होतं. पुढचं सगळं वाचताना एवढं लक्षात ठेवा.

बाबा ऑक्टोबरात आले. आता ते नाहीत. तेव्हा त्यांच्या गळ्यात गाठ होती. आधी रेडिएशन झालं, वर्षभर बरं गेलं, मग गाठ परत आली. पुण्याच्या डॉक्टरांनी सांगितलं की स्वरयंत्र काढावं लागेल, जीव राहील, आवाज जाईल. बाबा म्हणाले, मला आधी नातीला भेटून येऊ द्या, तिच्याशी बोलायचंय. डॉक्टर चिडले, पण तीन आठवडे दिले. ऑपरेशनची तारीख ठरवूनच बाबा विमानात बसले.

बाबांची सगळी नोकरी माणदेशात गेली, पशुसंवर्धन खात्यात. मेंढरांना लस टोचत, धनगरांच्या तळांवर फिरत. तिथेच ते धनगरी ओवी शिकले. शिकले म्हणजे कुणी समोर बसवून शिकवलं नाही. ढोल घुमायला लागला की साहेब खुर्ची सोडून घोंगडीवर जाऊन बसायचे आणि काही वर्षांनी धनगरच म्हणायला लागले, आज साहेबांनी म्हणायची. एकाने कानावर हात ठेवून ओळ उचलायची आणि बाकीच्यांनी तिचं शेपूट धरून ती परत म्हणायची, त्याला झील धरणं म्हणतात. आईला हे गाणं गावंढळ वाटायचं. मलाही, खोटं कशाला बोलू. कॉलेजातल्या मैत्रिणी घरी आल्या की मी बाबांना हळूच सांगायची, आज नको हं.

माझ्या लेकीला मात्र ते भलतंच आवडलं. बाबा पहाटे गॅरेजमध्ये जाऊन घसा साफ करत गुणगुणायचे, तर ही फिडल घेऊन त्यांच्या मागे उभी.

"आबा, फेस्टिव्हलला तू म्हण ना. ॲन ॲक्च्युअल शेपर्ड साँग. दे'ल लव्ह इट."

"मी काय म्हणतो आता, घसा हा असा."

"प्लीज, आबा. प्लीज, प्लीज."

तिने नकळत बरोबर केलं होतं. तीनदा विचारलं होतं. बाबा तयार झाले.

मग आठ दिवस घरात दुसरा विषय नव्हता. रात्रभर चालणाऱ्या ओवीतून बाबांनी चार मिनिटांचा तुकडा काढला. तोंडात ज्येष्ठमध धरून बसायचे, आवाज वाचवायला आमच्याशी खुणांनी बोलायचे. लेकीला झील शिकवली. तिचे मराठी उच्चार ऐकून हसायचे आणि हसता हसता खोकायचे. एकदा मी लॅपटॉपवरच्या मीटिंगमधून उठून चहा द्यायला गेले, तेव्हा ते मला म्हणाले, "एकदा माणसांच्यात बसून म्हणतो. मग नेऊ दे डॉक्टरला काय न्यायचं ते." साधंच म्हणाले. मी कप ठेवला आणि पुन्हा मीटिंगला बसले.

फेस्टिव्हलच्या दिवशी त्यांनी पांढरी टोपी घातली, इस्त्रीचा सदरा घातला. वाटेत कुरणांतली मेंढरं दिसली की त्यांना राहवायचं नाही. "मेरिनो आहे ही. ती कडेची पायाने धड नाही बघ, खुरं बघायला पाहिजेत कुणीतरी." ताशी शंभरच्या वेगाने जाणाऱ्या गाडीतून त्यांना मेंढीचं लंगडणं दिसलं होतं.

हॉलमध्ये पंचवीसएक माणसं होती. मी ओळीने बाबा, मी, लेक असे बसवले. मी मध्ये बसले ती नुसती सोबत म्हणून नाही. काही लागलं तर भाषांतर करता यावं, म्हणून. बाईंनी नियम सांगितला. त्याचं भाषांतर मी केलं नाही. लक्षातच आलं नाही, असं मी पुढे कितीतरी दिवस स्वतःला सांगत होते.

एका शेतकऱ्याने बर्फात हरवलेल्या मेंढ्यांचं गाणं म्हटलं. बाबा गुडघ्यावर बोटांनी ठेका धरत होते. त्यांनी अर्थ विचारला, मी कानात सांगितला. "आपल्यासारखंच की गं," ते म्हणाले, आणि त्यांचा चेहरा असा उजळला की मला त्यांचं माणदेशातलं वय दिसलं.

मग पाळी आली. बाई पुढे वाकून म्हणाल्या, "अँड यू, सर? विल यू गिव्ह अस अ साँग?"

बाबांनी हात जोडले. "नो, नो. प्लीज, यू ऑल सिंग फर्स्ट. माय व्हॉइस इज नॉट गुड."

हे म्हणताना ते खुर्चीत पुढे सरकले होते. टोपी नीट केली होती, घसा खाकरला होता, डावा हात कानाकडे निघाला होता. आपल्याकडचं शेंबडं पोरसुद्धा सांगेल की हा माणूस आता गाणार आहे. पहिल्या विनंतीला तोंड उघडणारा गवई आपल्यात उतावळा ठरतो. एकदा नको म्हणायचं, समोरच्याने अहो असं काय करता म्हणायचं, आणि मग सूर लावायचा, ही आपली रीत.

बाई प्रेमाने हसल्या. "नो वरीज, लव्ह." आणि माझ्याकडे वळल्या. "अँड यू, डिअर?"

पाळी माझ्या हातात होती. "त्यांना गायचंय, फक्त अजून एकदा विचारा," एवढं एक वाक्य. त्या हॉलमध्ये ते दोन्ही भाषांत म्हणू शकणारी मी एकटी मोठी बाई होते.

मी "पास" म्हणाले.

कारण सांगते. त्या दिवशी पहाटे गॅरेजमध्ये बाबांचा आवाज तीनदा फाटला होता. शेवटी शेवटी नुसती हवा येत होती. मला वाटलं, इथे असंच झालं तर ही माणसं दयेने टाळ्या वाजवतील आणि बाबांना ते लागेल. त्यांना वाचवावं म्हणून मी गप्प बसले. ही झाली एक गोष्ट, आणि ती खोटी नाही. पण दुसरी जास्त खरी आहे. तोवरच्या वर्षांत मी त्या हॉलमध्ये एक जागा कमावली होती. हसतमुख, लेमन स्लाइसच्या गोड वड्या करून आणणारी, नीटनेटकं इंग्रजी बोलणारी. तिच्या शेजारी टोपी घातलेला म्हातारा कानावर हात ठेवून फाटक्या गळ्याने देवाला हाक मारणार होता. मला लाज वाटली. कॉलेजात वाटायची तशीच.

पाळी लेकीकडे गेली. ती गोंधळून माझ्याकडे, आबांकडे बघत होती. सगळे थांबलेत म्हटल्यावर तिने एक रील, म्हणजे स्कॉटिश नाचाची जलद धून, वाजवली, दोनदा चुकली. बाबांचा कानापाशी गेलेला हात तसाच राहिला होता. मग त्यांनी त्या हाताने कानामागे थोडं खाजवलं आणि मांडीवर ठेवला.

गोलाची दुसरी फेरी झालीच नाही. संध्याकाळच्या मैफलीसाठी हॉल रिकामा करायचा होता. बाबांनी खुर्च्या रचायला मदत केली. बाईंनी त्यांचा हात हातात घेऊन थँक यू म्हटलं, पुढच्या वेळी नक्की या म्हणाल्या. बाबा सरळ हसून "शुअर, शुअर" म्हणाले.

गाडीत लेकीने विचारलं, "आबा, व्हाय डिड यू से नो?"

"अगं, लगेच कसं म्हणायचं? बरं दिसतं का ते?"

"बट यू वॉन्टेड टू."

"हो तर. परत कुणीतरी विचारेल असं वाटलं."

"दे डोन्ट आस्क ट्वाइस, आबा. दे थिंक इट्स रूड."

बाबांनी यावर बराच विचार केला. "तेही बरोबरच आहे," ते म्हणाले. "त्यांची रीत त्यांना."

लेक पुढे वाकली. मग मागच्या सीटवरून म्हणाली, "आई, बट यू न्यू दॅट."

मी म्हटलं, मागून ट्रक येतोय, मला गाडी चालवू द्या.

दोन दिवसांनी आम्ही त्यांना घरी म्हणायला सांगितलं. नवरा मुद्दाम लवकर आला, जवळच्या ट्रुगानिनाहून एक मराठी कुटुंब जेवायला बोलावलं, सतरंजी घातली. यावेळी सगळ्यांनी इतका आग्रह केला की ऐकणाराच ओशाळावा. बाबा बसले, सूर लावला, आणि तो लागला नाही. पुन्हा लावला. तिसऱ्यांदा त्यांनी माझ्याकडे बघून हात हलवला. घ्या वाढायला, असं खुणेने सांगितलं. पुढच्या गुरुवारी ते परत गेले. ऑपरेशन ठरल्या दिवशी झालं.

शाळांना सुट्टी लागल्यावर मी एकटीच पुण्याला गेले. बाबांच्या गळ्याला भोक होतं, त्यातून श्वास यायचा, त्यावर जाळीचा रुमाल. हातात मुलांची असते तसली पुसायची पाटी. अक्षर अजून सरकारी, शेरा मारल्यासारखं. मी पहिले तीन दिवस खूप बोलले, नुसती बडबड. चौथ्या दुपारी ते खिडकीशी बसले होते, मी मोसंबं सोलत होते, आणि ते सोलता सोलताच मी म्हणून टाकलं.

"बाबा, त्या दिवशी हॉलमध्ये तुम्हाला गायचं होतं ते मला कळलं होतं. मी मुद्दाम बोलले नाही. मला तुमची लाज वाटली."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. पाटी घेतली आणि लिहिलं, "माहीत आहे."

ते पुसलं. मग बराच वेळ लिहीत होते. पाटी माझ्याकडे वळवली.

"त्या बाईंची मी वाटच बघत नव्हतो. परकी माणसं ती. मी तुझ्याकडे बघत होतो, तू म्हणशील म्हणून, म्हणा बाबा."

मी वाचलं. त्यांनी ते पुसलं नाही. पाटी आणि पेन्सिल दोन्ही माझ्या मांडीवर ठेवली आणि थांबून राहिले. मला तर बोलता येत होतं. तरी मी पेन्सिल उचलली.