साधं पाणी सोडा

भुताखेतांच्या गोष्टी सुरू झाल्या की उठून चहा ठेवायला जाणाऱ्यांपैकी मी. जिंतूरला अकरावी-बारावीला केमिस्ट्री शिकवते, त्यामुळे हे लिहिताना माझं मलाच अवघडल्यासारखं होतंय. पण मनात ठेवून दमले आता.

नोकरी सांभाळून माझं पीएच.डी.चं काम चालू होतं. सुट्टी मिळाली की एसटीने परभणी, तिथल्या एका प्रयोगशाळेत. पेशीभोवती लिपिडचा, म्हणजे स्निग्ध रेणूंचा, अतिशय पातळ पडदा असतो. तसा पडदा काचेवर तयार केला की त्यावर औषधं तपासता येतात. नुसत्या काचेवर तो सहज होतो. मला तो पॉलिमरचा मऊ थर दिलेल्या काचेवर हवा होता, अन् तसाच थर दिलेल्या बारीक मण्यांवरही. मिठाच्या पाण्यात लिपिडचे सूक्ष्म फुगे सोडायचे... ते थरावर बसून फुटायला अन् एकमेकांना जुळायला हवेत. माझे बसायचे, फुटायचे नाहीत. दोन वर्षं हेच.

तपासायची रीत सोपी. लिपिडमध्ये चमकणारा रंग असतो. मायक्रोस्कोपखाली एका जागी प्रखर प्रकाश टाकला की तिथला रंग मरतो, काळा ठिपका पडतो. पडदा सलग असेल तर आजूबाजूचे रेणू सरकत येऊन ठिपका भरून काढतात. माझा ठिपका काळाच राहायचा.

प्रयोगशाळेत काचा धुवायला सुनंदाताई होत्या. झरीच्या. वीस वर्षं तेच काम. काच धुऊन झाली की उजेडात धरून तिच्याशीच काहीतरी बोलायच्या. उन्हाळ्याच्या तोंडाला त्या लांबच्या रजेवर गेल्या. सासू आजारी आहे, असं कळवलं होतं. मी एकदाही फोन केला नाही. खरं सांगते, त्राणच नव्हतं.

मे महिना, दुपारचे तीन. कूलर बंद. माझे मार्गदर्शक सर जूनअखेर निवृत्त होणार होते, त्याआधी निकाल आला नाही तर माझं काम तिथेच संपणार होतं. त्या दिवशीही फुगे तसेच बसून होते. काच मिठाच्या पाण्याने धुवायला मी बाटली उचलली... आणि मागून सुनंदाताईंचा आवाज आला, अगदी स्पष्ट.

"मॅडम, मिठाचं नका घालू आता. साधं पाणी सोडा, म्हंजे फुटतेत."

मी मागे न बघता "बरं" म्हटलं अन् साधं पाणी सोडलं. दमलेल्या माणसाला कोणी काही सांगितलं की तो ऐकतो. मग वळले, तर मागे कोणी नव्हतं.

तेवढ्यात शेजारच्या खोलीतून सरांनी विचारलं, "सुनंदाबाई रजेवरून आल्या का? आवाज आला त्यांचा."

मी काच मायक्रोस्कोपखाली ठेवली, ठिपका पाडला अन् बघत बसले. काही मिनिटांत कडा पुसट झाल्या... मग ठिपका भरला. नंतर मण्यांवरही तेच केलं. तिथेही पडदा झाला. आनंद वगैरे नाही झाला. मी टेबलावर डोकं टेकून बसून राहिले.

कारण उघड आहे. आत खारं पाणी, बाहेर साधं... पाणी आत शिरतं, फुगा फुगून फुटतो. जुन्या शोधनिबंधांत ही युक्ती सापडलीही. मी कधीतरी वाचून विसरले असेन, माझ्याच डोक्याने आठवण करून दिली असेल. चालेल. पण सरांना कसं ऐकू आलं?

पुढच्या रविवारी झरीला गेले. दारात त्यांचे मालक भेटले. म्हणाले, "तिला बोलता येत न्हाई, मॅडम. नरड्याचं आपरेशन झालं, दोन महिने झाले. आवाज गेला तो गेलाच. कुनाला सांगू नका म्हनायली."

सुनंदाताई आत बाजेवर बसल्या होत्या, गळ्याला पांढरा रुमाल. मी सगळं सांगितलं. त्यांनी मान हलवली — त्यांना यातलं काही माहीत नव्हतं. त्या दुपारी त्या झोपल्या होत्या, असं मालकांनी सांगितलं. मिठाच्या पाण्याचंही त्यांना ठाऊक नव्हतं, त्या फक्त काचा धुवायच्या.

मग उशाची वही घेऊन त्यांनी लिहिलं, 'आवाज माझाच व्हता का?'

मी हो म्हटलं.

'साफ व्हता का बसलेला?'

आजारपणाआधी वर्षभर त्यांचा आवाज बसत चालला होता, ते तेव्हा माझ्या लक्षात आलं. म्हटलं, "एकदम साफ."

त्यांनी वहीचं पान उलटलं. मग लिहिलं, 'आमच्या घरात कुनाच्याच मोबाइलमदी माझा आवाज न्हाई. कसा बोलले ते बोलून दाखवा.'

मी तेच वाक्य त्यांच्यासारखं म्हणायचा प्रयत्न केला. जमलं नाही. त्यांनी बोट वर करून पुन्हा म्हणायला लावलं. चार-पाच वेळा म्हणवून घेतलं अन् डोळे मिटून ऐकत राहिल्या.

सर त्या आवाजाबद्दल परत कधी बोलले नाहीत. प्रबंध झाला. त्यात साध्या पाण्याचं कारण व्यवस्थित लिहिलंय, संदर्भासकट. त्या दुपारी मला ते कोणी सांगितलं, हे मला अजून सांगता येत नाही.